इतिवृत्तात न आलेलं

हॉलमध्ये पाच खुर्च्या, आम्ही चौघं.
गणपूर्तीला पाच लागतात.
फादर तीन गावांचे, दर दुसऱ्या रविवारी आमचे;
आज त्यांची गाडी बर्फात, मिरामिशीच्या पुलापलीकडे.
तरी झेलीनं घंटा वाजवली, म्हणजे कपावर चमचा,
आणि मी लिहिलं: सभा सुरू, सात वाजून दहा.

विषय पहिला: बॉयलर.
तो फक्त ओदिलचं ऐकायचा.
डाव्या अंगाला गुडघा, मग बटण, मग एक फ्रेंच शिवी,
आणि लगेच क्रूसाची खूण.
हे कुठे लिहून ठेवलेलं नाही.
ओदिलला जाऊन अकरा आठवडे झाले.

विषय दुसरा: छप्पर. शिल्लक तुटपुंजी.
लेओन्स म्हणाला, लॉबस्टरचा हंगाम येऊ दे.
नऊ वर्षं हेच म्हणतोय.
अनुमोदक: मी.

विषय तिसरा: कॉफीची पाळी.
तक्ता भिंतीवर. वर्षभराची नावं ओदिलनंच भरलेली,
पेन्सिलनं; दर चौथ्या रविवारी स्वतःचं.
खोडरबर माझ्या खिशात होता.
कुणीच काही सुचवलं नाही.

मागच्या चौथ्या रविवारी कॉफी मात्र तयार होती.
भयंकर कडू, तळाशी चिखल.
लेओन्सच्या बाहीवर भुकटी.
सगळ्यांनी दुसरा कप घेतला.

निर्णय: एकही नाही, गणपूर्तीअभावी.
निघता निघता झेली जिन्याखाली उतरली,
बॉयलरला गुडघा लावल्याचा आवाज आला,
मग बटणाचा.
आम्ही वर, कोट चढवून, कान देऊन उभे,
शिवीची वाट बघत.