डाव्या अंगाला

कुडाळच्या दवाखान्यात
त्यांनी मला एका पांढऱ्या वाडग्यात बघायला लावलं.
हनुवटी टेकवा, मधल्या ठिपक्यावरून नजर काढू नका,
दिवा दिसला की बटण दाबा.
मी दाबत होते.
रात्री लांब समुद्रात पातींचे दिवे दिसतात तसे,
इथे एक, तिथे एक.
मग बराच वेळ काहीच नाही.
मला वाटलं, मशीन थांबलं.
ते थांबलं नव्हतं.

कागद निघाले. दोन्हींच्या कडा काळ्या,
डाव्याची जरा जास्त.
म्हाडगूत डॉक्टर हळू बोलतात. काचबिंदू, म्हणाले.
गेलं ते येत नाही. उरलंय ते राखायचं.
मोतीबिंदूसारखा काढून टाका की!
त्यांनी मान हलवली.
मला कळलं ते असं:
वाळत घातलेल्या सुंगटांवर सर आली,
भिजली ती गेली,
बाकीच्यांवर आधी ताडपत्री टाक.

रोज रात्री एकेक थेंब. जन्मभर.
बाटली गार ठेवा.
आमच्याकडे फ्रीज आहे, वीज असते तेव्हा असते.
म्हणून बाटली स्टीलच्या डबीत,
डबी थर्माकोलच्या पेटीत, बर्फात,
विकायच्या बांगड्यांच्या शेजारी.
सून नाक मुरडते.

घरात कुणाला होता का, विचारलं.
नाही, म्हटलं मी.
त्यांनी लिहून घेतलं: नाही.

एसटी कसालच्या फाट्यावर थांबली
आणि मला आबा दिसले.
भर दुपारी रापणीच्या दोराला अडखळणारे.
डावीकडून कुणी पेज ठेवली
तर हात लागून सांडणारे.
"सकाळीच घेतल्यान वाटता,"
गाव म्हणायचं. आई म्हणायची.
मी आठ-नऊ वर्षांची, मीही म्हटलं असेन.
आबा कधी नाही म्हणाले नाहीत.
शेवटी शेवटी ओट्यावर बसून असायचे,
भिंत डाव्या अंगाला घेऊन.
दारूचा वास मात्र
मला कधीच आठवत नाही.

पुढच्या तारखेला दिगूला ओढत नेला.
"माका काय जावक नाय गो," वाटभर तेच.
एसटीत चढताना त्याचा खांदा दारावर आपटला.
कंडक्टर हसला. मी नाही.

फॉर्म भरताना
विचारायच्या आधीच मी सांगितलं,
वडलांना होता.
डॉक्टरांनी मागचा कागद काढून बघितला.
कधी तपासलं होतं त्यांना?

मागल्या महिन्यात, म्हटलं.
कसालच्या फाट्यावर.