उलटा हात

ईमेल आला तेव्हा मी टाकीत डोकं घालून होते,
गणेशपेठेतल्या एका वकिलाच्या कूलरच्या,
पंपाच्या जाळीतलं शेवाळ नखानं काढत.
मोबाइल बाबांच्या खिशात. दोन बोटांत धरून म्हणाले,
"पाह्य बरं, कोणाचं आलं. इंग्लिश हाये."

हात पुसेपर्यंत स्क्रीन काळी झाली.
पुन्हा उघडली. दोन वर्षांचं कंत्राट,
पदवीधर अभियंता, शीतकरण विभाग,
जिनिव्हाजवळ, सप्टेंबरपासून.
मराठीत सांगितलं तर म्हणाले,
"शीतकरण? मंग तं आपलाच धंदा झाला."

खरं तर हो.
फक्त आपल्याकडे सत्तेचाळीसचे एकतीस करायचे असतात
वकिलाला दुपारी डोळा लागावा म्हणून.
तिथे चुंबकं उणे दोनशे एकाहत्तरवर नेतात
कणांना वळण लागावं म्हणून.

"केवढं हाये?"
सत्तावीस किलोमीटरचं रिंगण, जमिनीखाली.
त्यांनी मनात हिशेब केला:
गोळीबार चौक ते कामठी, आन् वापस.
"एवढ्याले पाणी कोण भरते?"
पाणी नाही बाबा, हेलियम.
"फुग्यातला?"
फुग्यातलाच.
मग वुडवूलचं बंडल सोडून ताटी भरत बसले.
मला वाटलं, विषय संपला.

रात्री, भाकरी मोडता मोडता:
"लीक होत असंल पण थो."
होतो. केसाहून बारीक फटीतून जातो.
"मंग?"
मग शोधायचं.
त्यांनी मान हलवली. एवढं पटलं त्यांना.

मुलाखतीत पडद्यावर तीन चेहरे होते.
एका बाईंनी विचारलं, प्रत्यक्ष कामाचा अनुभव?
मी प्रोजेक्टचं नाव घेतलं, गुण सांगितले,
आणि मग तोंडून निघूनच गेलं:
बारा उन्हाळे. पाचवीपासून.
पत्रा ओला, वायर जुनी, अर्थिंग कोणी करत नाही,
म्हणून कूलरला आधी उलटा हात लावायचा.
करंट असला की बोटं मिटतात.
तळहात असेल तर मूठ जाळीलाच धरून बसते,
उलटा असेल तर आपल्याकडे येते.
बाई लिहीत होत्या, त्या थांबल्या.
पडद्यापलीकडे त्यांनी स्वतःचा हात
उलटा करून पाहिला.

रुपरावचं नाही सांगितलं मी त्यांना.
टिमकी, तिसरी गल्ली, लग्नघर.
घाईत तळहात लावला होता त्यानं.

मग फॉर्म, फॉर्म, फॉर्म.
कायमचा पत्ता: हेडाऊ कूलर रिपेअरिंग,
राममंदिराला लागून, गोळीबार चौकाच्या अलीकडे.
रकान्यात मावेना. "अलीकडे" खोडलं
आणि दिवसभर उगाच चुकल्यासारखं वाटत राहिलं.
उंचीची भीती वाटते का? बंद जागेची?
बधिरता आहे का बोटांत?
त्यावर थांबले. माझ्या नाही,
पण बाबांच्या करंगळीला गरम चहा कळत नाही
कित्येक वर्षं झाली.
असा रकाना नव्हता.

ऑगस्टच्या शेवटी निघाले. सीझन सरलेला,
दुकानात कूलर उपडे एकावर एक,
मांजरीनं त्यातल्या एकात पिल्लं घातलेली.
सोनेगावला, विमानतळाच्या दारात,
जवान तिकीट पाहत होता.
आई रडली, तिचं रीतसर झालं.
बाबांना काही सुचेना.
डोक्यावर हात ठेवायची सवय नाही त्यांना,
आमच्या घरी कोणालाच नाही.
उजवा हात वर आला, अर्ध्यात थबकला, उलटा झाला,
माझ्या गालाला टेकला, पत्र्याला टेकतो तसा,
आणि झटकन मागे गेला.

"हाये," ते म्हणाले,
आणि ऑटो नीट लावला होता का
ते पाहायला वळले.