अर्धा दाता

उणे एकवीस. कैनूच्या उत्तरेला पहाटेचे पाच,
आणि पहाट म्हणायची ती नुसती घड्याळाच्या भिडेखातर.
रात्रभर बर्फ पडलाय. सातला दुधाचा टँकर येईल,
आणि रस्ता कुठे आहे ते फक्त पत्रपेटीला ठाऊक.

लेम्पी शेडमध्ये येते. ट्रॅक्टर पाठ करून उभा,
मागे बर्फ उडवायचं यंत्र, आणि दोघांच्या मध्ये
जमिनीवर पडलेला शाफ्ट:
वीस किलोंचा, दोन्ही टोकांना मान टाकलेला,
कुणाच्याच बाजूचा नसलेला.

तौनो होता तेव्हा हे काम शिव्यांनी व्हायचं.
तो गुडघे टेकायचा, शाफ्ट मांडीवर घ्यायचा,
एका हाताने कॉलर मागे ओढायची, दुसऱ्याने ढकलायचं,
तिसरा हात दिला नाही म्हणून देवालाही दोन शिव्या.
मग हातोडा. मग सोललेली बोटं.
मग कॉफी, आणि कॉफीनंतर पुन्हा हातोडा.
सहा दाते इकडे, सहा खाचा तिकडे,
आणि चाळीस वर्षं त्याला वाटत राहिलं
की यंत्र मुद्दाम करतं.

लेम्पीच्या हातांत ढकलायची ताकद कधीच नव्हती.
आता तर संधिवात. थंडीत बोटं अशी
की दुसऱ्या कुणाची उसनी आणली असावीत.
म्हणून एकटी पडली त्या पहिल्या हिवाळ्यात
ती नुसती बघत बसली.
बादली पालथी घालून, तासभर.

मग गोठ्याच्या जुन्या दाराची स्प्रिंग काढली,
वरच्या दांड्याला टांगली, शाफ्टचं ओझं तिच्यावर सोपवलं.
(टांगलेल्या ओझ्याची नुसती लांबी उरते.)
दात्यांच्या बोथट कडा कानशीने उतरवल्या,
पेन्सिलीला टोक काढावं तितक्याच.
नात विसरून गेलेलं नेलपॉलिश होतं, भडक गुलाबी.
एक ठिपका दात्यावर, एक खाचेच्या तोंडाशी.
तौनोला हे अजून सांगितलेलं नाही.

इंजिन बंद. किल्ली खिशात, रुमालाच्या खाली.
शाफ्ट स्प्रिंगवर डुलतो, वासराच्या मानेसारखा.
गुलाबीसमोर गुलाबी येत नाही. जरासं अडतं.
ढकललं तर अडेल, आणखी ढकललं तर रुसेल.
ती मागे जाते, यंत्राचं पातं दोन्ही हातांनी धरते
आणि फिरवते.
किती? अर्धा दाता.
ट्रॅक्टरचा दाता नावाचाच दाता, तो काही देत नाही.
द्यायचं ते खाचेकडच्यांनीच.

टक्.

कॉलर आपणहून पुढे येऊन बसते.
ती ओढून बघते. सुटत नाही.
मग आवरणाची साखळी अडकवते, न विसरता,
कारण पलीकडच्या शेतातल्या ऑस्मोची बाही...
पण त्याबद्दल इथे कुणी बोलत नाही.

रविवारी काजानीला, शुश्रूषागृहात.
तौनोच्या डाव्या हाताला दोन वर्षं झाली काही कळत नाही.
नवी परिचारिका त्याला स्वेटर चढवतेय,
कोपर धरून बाहीत ढकलतेय, गोड बोलत, घामाघूम.
तौनोच्या तोंडी त्याच जुन्या शिव्या, आता अर्ध्याच उमटणाऱ्या.

"थांब जरा," लेम्पी म्हणते.
हाताखाली उशी देते. आधी ओझं उशीला.
बाही गोळा करते, कॉलर मागे ओढावी तशी.
आणि मनगट ढकलत नाही,
फिरवते. थोडंसं.

बोटं बाहेर येतात, एकेक करून,
लग्नघरी उशिरा पोचलेल्या पाहुण्यांसारखी.
तौनो बराच वेळ त्या हाताकडे बघतो, मग तिच्याकडे.
ओठांचं एकच टोक हलतं.
"ग्रीस लावतेस ना?"
शब्द वाकडे, पण कळतात.

"दर शनिवारी," ती म्हणते,
आणि गुलाबी ठिपक्यांचं तेवढं
अजून सांगत नाही.