कावळ्याचं पीस

दांडिया बाजारात आमचं दुकान.
पेट्या, तंबोरे, कधी दांडी निखळलेला दिलरुबा.
तिथे एक दिवस बाई आल्या, ब्रनोच्या, इल्झे रोथ.
बाजारानं त्यांची रोटबाई केली.
त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, देवनागरीत,
ऱ्हस्व की दीर्घ ते विचारून.

लढाईच्या आदल्या वर्षी, मुंबईच्या गोदीत,
लांबट पेटारा बघून कस्टमवाल्यानं विचारलं, शवपेटी का?
बाई म्हणाल्या, अजून नाही.
हे मला बाबांनी सांगितलं, बाबांना त्यांनी.
मधे काय बदललं कोण जाणे.

हार्पसिकॉर्ड.
बाबांनी आत डोकं घातलं.
दर पट्टीमागे लाकडाची चिपाटी, चिपाटीत पिसाचा काटा,
तो तार छेडतो नि मागे पडतो.
पट्टी हळू दाबा, मुठीनं दाबा,
आवाज तेवढाच.
बाबांनी तीनदा दाबून खात्री केली.
"आणि मींड?"
"नाही."
"मग रडायचं कसं ह्यावर?"
"रडायचं नाही," बाई म्हणाल्या, "मोजायचं."

पीस कावळ्याचंच लागे.
मोराचं नुसतं दिखाऊ, कबुतराचं भुसभुशीत.
बाबा सायकल काढून विश्वामित्रीच्या काठी जात,
जिथे लोक दहाव्याचे पिंड ठेवतात.
म्हणत, इतक्यांच्या इच्छा खाऊन बसलाय,
चिवट असणारच.

जाहीर कार्यक्रम इथे एकच झाला.
एकोणतीस माणसं, त्यातली काही पंख्याखाली बसायला आलेली.
पहिल्या रांगेतले एक म्हातारे गवई म्हणाले,
तंबोरा पळत सुटला तर असा वाजेल.
बाईंनी हेही वहीत लिहिलं.
एरवी अंमलदारांच्या मुलींना पियानो, अडीच रुपये धडा.

बेचाळीस साली बहिणीची पत्रं थांबली.
बाबा त्या संध्याकाळी तारा मिळवायला गेलेले,
जिन्यातच थांबले.
आत वाजत होतं.
ते अंगठ्यानं पेरं मोजत राहिले,
कुठेही वाढलं नाही, कुठेही दबलं नाही.

एकाहत्तरच्या ब्लॅकआउटमध्ये बाई गेल्या,
खिडक्यांना काळे कागद असताना.
फतेगंजच्या दफनभूमीत आम्ही चौघं,
त्यातला एक खणणारा.

त्यांच्यात दहावा नसतो, आई म्हणाली.
बाबांनी ऐकलं नाही.
घाटावर भाताचा गोळा ठेवून उभे राहिले.
कावळा येईना.
बहिणीचा पत्ता शोधीन, म्हणाले. येईना.
झाकणाची बिजागरी बसवीन. येईना.
मला शाळेला उशीर होत होता.
मग ते काहीच बोलले नाहीत,
दगडावर बोटांनी मात्रा धरली, एक दोन तीन,
एक दोन तीन.

शिवला की नाही मी पाहिलं नाही, खरंच.
मी वळलो तेव्हा बाबा वाकून पीस उचलत होते.

वरचा कोमल धैवत दिवाळीपासून मुका होता.
त्यांनी ब्लेडनं काटा तासला, बसवला,
पट्टी एकदाच दाबली.

तेवढाच.