एकवीस की साडेसात

बिल उभं धरलं तरी कळत नाही,
आडवं धरलं तरी तेच.
स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार.
एवढे आकार, आणि आकाराला काही येत नाही.
त्यांच्याही खाली, चष्मा पुसून पाहिलं तेव्हा सापडलं:
वीज शुल्क, एकवीस टक्के.

शेजारी निमसेंची पिठाची गिरणी. तिला साडेसात.
भिंत एक, खांब एक.
त्यांचं जातं गव्हावर फिरतं,
माझे डंख मिरचीवर पडतात.
हिशेबच करायचा तर
मिरची गव्हापेक्षा साडेतेरा टक्क्यांनी तिखट निघाली.

मखमलाबाद नाक्यावरून दोन बस बदलून
नाशिकरोडला गेले. तिसरी खिडकी.
खैरनारांनी ग्राहक क्रमांक टाकला
आणि स्क्रीनशीच बोलले,
बाई, तुमचं दुकान आहे. वाणिज्यिक.
दुकान नाही हो, कांडप आहे.
काय विकता?
काहीच नाही. लोक त्यांची मिरची आणतात, मी कुटून देते.
मग बोर्डावर ‘मसाला सेंटर’ कसं?

बोर्ड आमच्या ह्यांनी करून घेतलेला.
पेंटर अक्षरावर पैसे घ्यायचा,
नुसतं ‘गायधनी मसाला’ पुरलं असतं,
तरी ह्यांनी सेंटर घालायलाच लावलं,
भारदस्त दिसतं म्हणाले.
तीन अक्षरांचे साठ रुपये झाले तेव्हा.
ते गेले. अक्षरांचे पैसे
मी अजून भरतेय.

अर्जावर शिक्का मारताना खैरनार म्हणाले,
रक्कम तशी क्षुल्लक आहे.
शुल्क, क्षुल्लक. शुल्क, क्षुल्लक.
द्वारकेच्या सिग्नलपर्यंत तोंडात तेच घोळत होतं.
सीझनच्या महिन्याला बाराशे रुपये, साहेब.
तीस किलोची कुटाई.
रात्री आंघोळ करूनसुद्धा
हात डोळ्याला लावता येत नाही, त्याचे.

तपासणीला वाघचौरे आले ते ऐन चैत्रात,
दारापासूनच नाकाला रुमाल.
विक्रीचा माल कुठाय?
हा काय, म्हटलं, बघा.
भिंतीला टेकून पिशव्या, पिशवीला चिठ्ठी.
दोंदे, चार किलो, बेडगी जास्त.
सय्यद भाभी, दगडफूल वेगळं भाजलंय, मागून घालणे.
टिळेकर मास्तर, एक किलो, बेताचं तिखट, डॉक्टरांनी सांगितलंय.
एकाही पिशवीवर माझं नाव नाही.
मी डंख सुरू केले.
वाघचौरे लिहायला लागले आणि शिंकले.
मी मोजत होते.
सात, आणि आठवी अर्ध्यात अडली.
पुढे लिहिलं त्यांनी, डोळे पुसत:
जागेवर प्रक्रिया चालू आढळली. वापर – उद्योग.

धाकटे दीर चारचौघांत म्हणायचे,
वहिनींना नसते उद्योग.
त्या कागदाची झेरॉक्स काढून
मी फ्रिजवर चुंबकाखाली लावलीय.
असता आहे, भाऊजी. सही-शिक्क्यासकट.

बोर्डावरचा तो शब्द तेवढा काढा, म्हणाले होते जाताना.
रविवारी स्टूल घेतलं, थिनर घेतलं.
र पटकन गेला. ट गेला.
अनुस्वारापाशी जरा थांबले,
मग तोही पुसला.
पण पत्र्यावर तिरकं ऊन आलं की
सेंटर अजून वाचता येतं,
साडेचारच्या सुमारास, रस्त्यापलीकडून.
हे मी वाघचौरेंना सांगितलेलं नाही.

जूनचं बिल आलं, साडेसातनं.
पेढे वाटावेत असं वाटलं, वाटले नाहीत,
कारण मागचा फरक कुठेच नव्हता.
पुन्हा दोन बस, पुन्हा तिसरी खिडकी.
दर बदलला ना बाई तुमचा, आता काय?
आधी जास्तीचे घेतले त्याचं काय?
त्याची खिडकी वेगळी.
कितवी?
पाचवी. पण तिथले जेवायला गेलेत.

जाऊ देत.
मीही भाकरी आणलीय, ठेच्याबरोबर.
बाकावर जागा आहे, पंखा चालू आहे,
त्याच्या बिलावर किती टक्के लागतात
ते तेवढं विचारायचं राहिलंय.