वैऱ्याची पानं

हिवाळाभर मी केर्तूचा वैरी होतो.

टाम्पेरेत तीनलाच अंधारतं, दवाखाना चारला मिटतो,
मग तिच्या स्वयंपाकघरात कॉफीचा थर्मास,
राईची भाकरी, आणि टेबलावर
साठ पानं तिची, साठ माझी.
तिची खरी, काळ्या प्लास्टिकच्या खोळींतली.
माझी म्हणजे दातांच्या दवाखान्यातल्या जुन्या चिठ्ठ्या,
कोऱ्या बाजूवर निळ्या पेनाने लिहिलेला ड्रॅगन.
उलटला तर:
मंगळवार, सव्वानऊ, आउने हक्काला, खालची डावी दाढ.

तुर्कूच्या स्पर्धेत जे जे भेटतील
त्या सगळ्यांचे कॅट मी गिरवले होते.
सोमवारी मी चेटकिणींचं राज्य,
बुधवारी लांडग्यांची उतावळी टोळी,
शुक्रवारी तो कंटाळवाणा कॅट, जो स्वतः काही करत नाही,
फक्त तुम्हाला काही करू देत नाही.
तुझ्या स्वभावाचा आहे, केर्तू म्हणायची.

अंगाराची पानं सोळा की सतरा,
यात आमचा डिसेंबर गेला.
ती सात पानं उचलायची, बघायची, वहीत रेघ मारायची,
परत पिसायची. पुन्हा सात.
हातात एकही अंगार नाही: उभी रेघ.
नुसतेच अंगार: आडवी.
नाताळच्या सुट्टीत अर्धी वही भरली
आणि उत्तर निघालं, सोळा कमी पडतात, सतरा जास्त होतात.
"म्हणजे?"
"म्हणजे सतरा. जास्तीचं सोसता येतं."

त्यामुळे साठाची एकसष्ट झाली. एक पान गळायला हवं होतं.

बर्फाखालचा राजा.
सोनेरी कड, दाढीत अडकलेले मासे, सात अंगार मागणारा.
बाराव्या वर्षी एका पाकिटातून निघालेला.
ते पाकीट फाडल्याचा आवाज तिला अजून येतो म्हणे.
राहू दे गं एखादा, मी म्हणालो.
"हा हातात येतो आणि हातातच म्हातारा होतो,"
म्हणत तिने खोळ रिकामी केली,
आत दहा सेंटचं पान सरकवलं. 'दार लावून घे.'
चित्रात नुसतं दार.
राजा गेला मसाल्यांच्या फळीवर, वेलचीच्या डबीला टेकून.

आता जे तेव्हा बोललो नाही ते.

फेब्रुवारीतला एक शुक्रवार. सलग नऊ डाव ती हरली होती.
रडत वगैरे नव्हती. भाकरीचा कोर कुरतडत होती.
दहाव्यात तिने होती नव्हती ती सगळी फौज मांडली,
आणि माझ्या हातात 'पाणी ओसरतं' होतं.
ती एक चिठ्ठी टाकली असती तर टेबल साफ.
मी म्हणालो, माझ्याकडे काही नाही.
तिने वहीत बरोबरची खूण केली.
पुढे आणखी दोनदा
मी असाच कफल्लक झालो.

तुर्कूत, सातव्या फेरीत,
ओउलूहून आलेला एक शाळकरी पोरगा, नाक गळत असलेला,
त्याने 'पाणी ओसरतं' टाकलं
आणि खिशात रुमाल शोधू लागला.
केर्तूने सगळी फौज मांडलेली होती.
वहीत तसं मांडून चालत होतं ना.

रविवारी रात्री ती माझ्या घरात आली, बुटांसकट,
बर्फ वितळून जमिनीवर ओघळ.
वही उघडून तीन खुणांवर बोट ठेवलं. "या?"
हो, मी म्हणालो.
ओरडली असती तर बरं वाटलं असतं.
ती बराच वेळ खिडकीबाहेर गिरणीच्या धुराड्याकडे बघत राहिली,
मग बूट काढले, नीट भिंतीला लावले.
"कॉफी ठेव. हेलसिंकीला दोन महिने आहेत.
आणि यापुढे दया आली तर तोंडाने सांग,
पानं लपवून नको."

मी शुक्रवारचा कॅट काढला.
वरचीच चिठ्ठी ती निघाली. पाठीमागे माझंच अक्षर:
आठ मार्च, पावणेदहा, वरचा सुळा.
भूल नको, असं पेशंटने कळवलंय.

मी पिसला.
तिने कापला, नेहमीपेक्षा खोल.