अकरावी माती

भवानी पेठेत लुंकडशेठच्या दुकानात
मी रंगाच्या मशीनवर असते.
नंबर दाबायचा. पांढऱ्या डब्यात बारीक धार पडते,
डबा थरथरतो,
आणि सात मिनिटांत कुणाच्या तरी हॉलचा रंग तयार.
दोन हजार एकशे छटा आहेत कार्डावर.
नावंही आहेत त्यांना, पण ती कुणी उच्चारत नाही.

आमच्या गावात अकराच होत्या.

सासवड सोडलं की फाटा लागतो,
अंजिराच्या बागा मागे पडतात,
आणि टेकडी चढताना एसटीची चाकं
आधी पिवळी होतात, मग तांबडी.
वर पोचेपर्यंत कंडक्टरच्या पापण्यासुद्धा
गावच्या झालेल्या असतात.
घरं एकमेकांच्या खांद्यावर बसलेली,
प्रत्येक आपापल्या खड्ड्याच्या रंगाचं.
लांबून चित्र दिसतं.
जवळून ओल्या लोखंडाचा वास
आणि दिवसभर चाळणी.

शिळी हळद. कोंबडतुरा. भाजकी वीट.
खरवस. गाभण म्हैस.
एक होती रुसकी: पाऊस सरल्यावर चारच दिवस सापडायची,
हवा लागली की तोंड फिरवायची.
बाकीची विसरायला लागलेय मी,
हे कबूल करायला हवं.

अकरावीचं नाव बायका पुरुषांपुढे घेत नसत.
मी हट्ट धरला तर हौसाआत्या म्हणाली,
न्हातीधुती झालीस की सांगीन.
झाले, तेव्हा मी हडपसरला होस्टेलवर होते.

खाण आता कुंपणात आहे. पन्नास रुपये तिकीट.
नवरा-नवरी येतात फोटोला,
शालूला गाव लागू नये म्हणून
खाली हिरवी जाळी अंथरतात.

परवा फुरसुंगीच्या कामठेबाई आल्या.
पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळून, भिंतीचा पोपडा.
गोठा पाडला म्हणे. सासूबाईंनी सारवलेली भिंत.
अगदी हाच रंग हवा, टीव्हीच्या मागे.
मशीनने तीनदा डोळा लावला,
तीन वेगळे नंबर दिले.
तिन्ही खोटे. मला पाहताक्षणी कळलं होतं.
मला फक्त नाव माहीत नव्हतं.

रविवारी पोपडा घेऊन वर गेले.
आत्याला आता दिसत नाही.
ओट्यावर बसून ती चाळणीची कड चाचपत असते,
जाळी केव्हाच गेलेली, नुसती कड.
मी आधी गंमत म्हणून कार्ड दिलं हातात.
तिने जीभ लावली.
"ह्ये निसतं गुळगुळीत."
पुन्हा लावली, शेजारच्या चौकटीला.
"आन ह्येबी तेच."

मग पोपडा.
बराच वेळ तोंडात धरून होती,
गालात इकडून तिकडे,
देवाचा खडीसाखरेचा खडा असावा तसा.
"आपलीच हाय. वरल्या खड्ड्याची.
शेण जरा जास्तच घातलंय.
आन मीठ लागतंय, घाम गाळीत सारवलीय कुणीतरी."
थुंकली नाही. गिळलं.

"आत्या, आता तरी."
तिने माझा कान धरून जवळ ओढला.
एकच शब्द. दोन अक्षरी.
मी फिस्सकन हसले,
आणि ती का हसत नाहीये
ते कळेपर्यंत हसतच राहिले.

सोमवारी दोन तास खपले.
काळ्याचा एक थेंब, पिवळ्याचे नऊ,
तांबड्यावर हात जड.
लुंकडशेठ मागून म्हणाले, वीज फुकट येत नाही.
शेवटी जवळपास आलं. जवळपासच.

मशीन म्हणालं: नाव टाका.
उभी रेघ लुकलुकत राहिली.
मी आकडा टाकला, अकरा.

झाकण ठोकण्याआधी बोट बुडवलं डब्यात.
जिभेपर्यंत नेलं नाही,
कामठेबाई बघत होत्या.
तसंच ओढणीला पुसलं.

आठवडा झाला.
धुतली तरी ती कड अजून थोडी
गाभण म्हशीसारखी दिसते, उन्हात.